तीन महिने कुणाला सांगायचं नाही

आमच्याकडे थायरॉईडला कुणी आजार समजतच नाही. आईला आहे, मावशीला आहे, मोठ्या वहिनीच्या मागे तो पहिल्या बाळंतपणानंतर लागला आणि ऑफिसमध्ये माझ्या ओळीतल्या निम्म्या बायका सकाळची गोळी घशाखाली ढकलूनच लोकल पकडतात. लग्न ठरवताना सुद्धा मुलीला थायरॉईड आहे हे सांगितलं तर समोरचे म्हणतात, हो का, आमच्या हिलाही आहे, आणि विषय परत कार्यालयाच्या भाड्यावर जातो. मला तो पंचविशीत निघाला. केस गळतात म्हणून स्किनवाल्याकडे गेले होते, त्याने टीएसएच करायला सांगितली (रक्ताची तपासणी, थायरॉईड कमी पडला की हा आकडा चढतो), ती अकराच्या वर आली, पाठोपाठ अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, म्हणजे माझं शरीरच ग्रंथीवर हल्ला करत होतं, आणि रोज उपाशीपोटी ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, म्हणजे ही ग्रंथी बनवते तेच हार्मोन, गोळीतून सुरू झालं. त्यानंतर काही वर्षं मी या ग्रंथीचा फारसा विचार केला नाही. गोळी घ्यायची, वर्षातून एकदा रक्त द्यायचं, आकडा बरा आला की रिपोर्ट कपाटात.

दिवस राहिल्यावर मात्र हे सगळं एकदम बदललं, आणि त्यातही जी गोष्ट मला सगळ्यात विचित्र वाटली ती ही की आपल्याकडे पहिले तीन महिने बोभाटा करायचा नाही असा जो रिवाज आहे, तेच तीन महिने या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचे असतात. रिवाजामागचं कारण मला कळतं. पहिल्या काही आठवड्यांत काहीही होऊ शकतं, मग सगळ्यांना सांगून परत सगळ्यांना सांगायची वेळ नको. पण या गुपचूप राहण्याच्या नादात बाई डॉक्टरकडेसुद्धा सावकाश जाते. बरं गेली तरी दवाखान्यातून सांगतात, आत्ता काही दिसणार नाही, सहा-सात आठवडे होऊ देत, हार्टबीट आला की सोनोग्राफीला या. तब्येतीने ठणठणीत बाईसाठी हे ठीकच आहे. जिची थायरॉईडची गोळी चालू आहे तिने ही वाट बघायची नसते, आणि हे तिला आधीच कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

मला सांगितलेलं होतं, ते माझं नशीब. मूल हवंय असं ठरल्यावर गायनॅक मॅडमकडे गेलो तेव्हा त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं, टीएसएच काढायला लावली, ती तीनच्या पुढे होती, तर म्हणाल्या आधी ही अडीचच्या खाली आणू आणि मग बघू. ती आल्यावर निघताना म्हणाल्या, "यूपीटी, म्हणजे घरची प्रेग्नन्सी टेस्ट, पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी मला फोन करा. अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका." मी मान हलवली, पण मनात म्हटलं डॉक्टर लोकांना जरा जास्तच घाई असते.

तर दोन रेषा आल्या. नवरा बाथरूमच्या दारात उभा, हातात ब्रश, तोंडात फेस, आणि मी त्याला मिठी मारायच्या ऐवजी म्हणतेय की मॅडमचा नंबर लाव. रिसेप्शनवरच्या मुलीने नेहमीचंच सांगितलं, अभिनंदन मॅम, पुढच्या महिन्यातली तारीख देते. मी म्हटलं मला तारीख नकोय, मला थायरॉईड आहे, मॅडमशी दोन मिनिटं बोलायचंय. थोडी हुज्जत घातल्यावर फोन जोडला गेला. मॅडमनी विचारलं सध्या किती चालू आहे, आणि म्हणाल्या आजपासून आठवड्यातले दोन दिवस एकाच्या ऐवजी दोन गोळ्या घ्या, बाकीचे दिवस एकच, आणि उद्या सकाळी गोळी घ्यायच्या आधी रक्त देऊन या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आठवड्याला सातच्या ऐवजी नऊ गोळ्या. नंतर वाचताना कळलं की हे मॅडमच्या मनचं गणित नाहीये. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी २००४ साली एक अभ्यास छापला होता, त्यात आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बायकांच्या २० गर्भारपणांचा सुरुवातीपासून पाठपुरावा केला आणि त्यातल्या १७ मध्ये डोस वाढवावा लागला, पहिल्या निम्म्या काळात सरासरी ४७ टक्क्यांनी. काहींमध्ये ही गरज पाचव्या आठवड्यातच दिसायला लागली होती. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, बऱ्याच जणींनी तर टेस्टसुद्धा केलेली नसते. त्यावरूनच त्यांनी सुचवलं की प्रेग्नन्सी कळल्याबरोबर आठवड्याला दोन गोळ्या जास्तीच्या सुरू करा आणि बाकीचं हिशोबाने नंतर ठरवा. नमुना छोटा आहे, २० म्हणजे काहीच नाही, पण नंतर हीच गोष्ट पुन्हा तपासली गेली आणि आज जगभरातले डॉक्टर साधारण असंच काहीतरी सांगतात. प्रत्येकीचं गणित तिचे डॉक्टर मांडतील, माझं वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या वाढवू नका, पण फोन मात्र त्याच दिवशी करा.

गरज एवढी का वाढते हे मला आकडेवारीपेक्षा जास्त मजेशीर वाटलं. एक तर इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे लिव्हर थायरॉक्सिनला धरून ठेवणारं प्रोटीन जास्त बनवायला लागतं, आणि रक्तात थायरॉक्सिन असूनही त्यातलं बरंचसं या प्रोटीनला चिकटलेलं राहतं, कामाला मोकळं कमी. दुसरं म्हणजे बाळ. बाळाची स्वतःची ग्रंथी दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास आयोडीन ओढून घ्यायला लागते, आणि तिच्या जिवावर खऱ्या अर्थाने काम चालायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोपर्यंत मेंदू घडत असतो आणि त्याला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच येतं. निसर्गाने याची सोय करून ठेवलीये, प्रेग्नन्सी टेस्टमध्ये ज्याच्यामुळे दोन रेषा येतात ते एचसीजी हार्मोन टीएसएचसारखंच दिसतं आणि आईच्या थायरॉईडला जाऊन म्हणतं, चल, जास्त बनव. धडधाकट ग्रंथी ऐकते, उत्पादन वाढवते, आणि म्हणूनच सर्वसाधारण बाईची टीएसएच पहिल्या तीन महिन्यांत खाली घसरते. माझ्या ग्रंथीवर मात्र माझ्याच शरीराने हल्ला करून तिची वाट लावलीये. एचसीजीने कितीही दार ठोठावलं तरी आत कुणी उठत नाही. मग वरून गोळी वाढवायची, दुसरा इलाज नाही.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला. टीएसएच ४.१. लॅबने शेजारी छापलेली रेंज साडेपाचपर्यंतची, त्यामुळे आकडा ठळक नाही, लाल नाही, बाण नाही. नवरा म्हणाला, "नॉर्मल आहे की." त्याचं काही चुकलं नाही, कागद तेच म्हणत होता. ती रेंज पोटात बाळ नसलेल्यांची असते. आधीच गोळी चालू असलेल्या गर्भारणीला पहिल्या तीन महिन्यांत आकडा साधारण अडीचच्या आत लागतो. मॅडमनी तो बघून दोन-दोनचा खेळ थांबवला आणि सरळ ७५ ची बाटली लिहून दिली, चार आठवड्यांनी परत तपासा म्हणाल्या. मला चार आठवडे फार वाटले, म्हटलं पुढच्या आठवड्यात बघूया ना, तर त्यांनी समजावलं की या औषधाचं अर्धं आयुष्य सात दिवसांचं आहे, म्हणजे सात दिवसांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं, आज वाढवलेला डोस रक्तात स्थिर व्हायलाच काही आठवडे जातात, आधी तपासलं तर अर्धवट आकडा दिसेल आणि आपण उगाच परत फिरवाफिरवी करू. याचाच एक फायदाही आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही.

आता खरी मारामारी. थायरॉईडची गोळी उठल्याउठल्या उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, खरं तर तासभर, काही खायचं नाही, चहा तर नाहीच. आणि मळमळीवर जगातला प्रत्येक माणूस काय सांगतो? पोट रिकामं ठेवू नकोस. उशाशी बिस्किटं ठेव, डोळे उघडल्यावर आधी एक तोंडात टाक आणि मगच पाय खाली ठेव. हे दोन्ही नियम एकाच बाईने एकाच सकाळी पाळून दाखवावेत. मी प्रयत्न केला. साडेपाचचा गजर लावून गोळी घ्यायची आणि परत झोपायचं असं ठरवलं, पण पाण्याचा घोट पोटात गेला की पोट खवळायचं, मग बेसिनपाशी उभं राहून नळ सोडायचा म्हणजे बाहेर आवाज जाणार नाही, कारण सासूबाईंना अजून सांगितलेलं नव्हतं. आणि उलटी झाली की पुढचा प्रश्न, गोळी गेली का राहिली? ती एवढीशी असते की बेसिनमध्ये शोधूनही दिसत नाही, आणि हो, मी शोधली आहे. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर आलं तर परत एक घ्या, नंतर आलं तर सोडून द्या.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला, रात्री घ्या. मला वाटलेलं ही गोळी सकाळचीच असते, जशी काकड आरती पहाटेचीच असते. तसं काही नाही, पोट रिकामं असण्याशी मतलब. नेदरलँड्समध्ये २०१० साली एका अभ्यासात झोपताना गोळी घेणाऱ्यांचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले होते. अट एवढीच की जेवण होऊन तीन तास तरी झालेले पाहिजेत.

तीन तास! आमच्या घरी जेवण साडेनऊला. नवरा डोंबिवलीला उतरून घरी येतो नऊला, सासऱ्यांच्या बातम्या संपतात सव्वानऊला, पानं साडेनऊला. त्याप्रमाणे गोळी पडणार साडेबाराला, आणि त्या दिवसांत मी नऊ वाजताच सोफ्यावर गळून पडायची. मग मी एकटीच साडेसातला जेवायला लागले. भूक लागलीये, अ‍ॅसिडिटी होतेय, अशी काहीबाही कारणं. सासूबाईंनी दोन-तीन दिवस काही म्हटलं नाही, नंतर एकदा मी एकटी वरणभात कालवत होते तर शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, नळ सोडला की उलटीचा आवाज येत नाही असं तुला कुणी सांगितलं?" संपलं गुपित. तीन महिने कसले, दोनही झाले नव्हते.

मला हायसं वाटलं खरं सांगायचं तर. पण त्यांना कळल्याबरोबर रात्री झोपताना केशर घातलेलं दूध आलं, पेलाभर, सायीसकट. आता दुधात कॅल्शियम, कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात अडवतं, आणि गोळी तर नेमकी त्याच वेळेची. हे सासूबाईंना कसं सांगायचं यावर मी आणि नवऱ्याने कुजबुजत चर्चा केली. सांगितलं तेव्हा त्या जराशा दुखावल्या. त्यांच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी रात्रीचं दूध घेतलंय, काय झालं मुलांना, हा बघ समोर उभा आहे घोड्यासारखा. मी म्हटलं, "आई, दूध नको असं नाही म्हणत, फक्त वेळ बदलू. संध्याकाळी पाचला द्या ना." त्यावर त्यांचं म्हणणं की पाचला दूध म्हणजे चहाचं काय करणार. असं करत करत दूध पाचला आणि चहा सकाळी मळमळ ओसरल्यावर असा तह झाला, आणि तो अजून टिकून आहे.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांनाच डॉक्टरकी येते. कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीन तर घरात आणूच नको. कोबीत ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारी द्रव्यं असतात हे खरंय, पण शिजवलेली भाजी पोळीबरोबर वाटीभर खाल्ली आणि मिठातून आयोडीन नीट मिळत असलं तर त्याने काही बिघडत नाही. सोयाचं वेगळं, ते गोळी शोषू देत नाही, म्हणून गोळीच्या आसपास नको एवढंच. एका काकूंनी धण्याचं पाणी सुचवलं, रात्री भिजवून सकाळी अनशापोटी, महिन्याभरात गोळी सुटते म्हणाल्या. प्यायला मला काही अडचण नाही, छान लागतं. पण धण्यात थायरॉक्सिन नसतं आणि बाळाला हवंय ते थायरॉक्सिन. गर्भारपणात इंग्लिश गोळ्या नकोत, गरम पडतात, हे म्हणणाऱ्यांना मी आता एकच उत्तर देते, की हे बाहेरचं औषध नाहीच्चे, माझ्या मानेतल्या ग्रंथीने जे बनवायला हवं होतं तेच मी बाटलीतून घेतेय. पटतं लोकांना. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना.

मला काळजी वाटते ती कोबीची नाही, सैंधवाची. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत साधं मीठ जाऊन गुलाबी खडे आलेत. उपवासापुरतं सैंधव पूर्वीपासून होतंच, आता ते रोजच्या आमटीत गेलंय, नैसर्गिक म्हणून. दुकानातलं साधं मीठ आयोडीनयुक्त का असतं याचा विसर पडलाय. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून बघितलं होतं, काही भागांत घातलेलं मीठ आणि एका भागात न घातलेलं, आणि जिथे घातलं तिथे गलगंडाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. त्या धड्यावरच १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आज आपल्या स्वयंपाकघरात पोचणाऱ्या मिठात निदान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, आयोडीन असावं असा नियम आहे. आणि गर्भारपणात तर आयोडीनची गरज वाढते, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५० मायक्रोग्रॅम सांगते. म्हणजे ज्या काळात जास्त लागतं त्याच काळात आपण हौसेने बिनआयोडीनचं मीठ खातोय. आता माझा आजार आयोडीन कमी पडल्याने झालेला नाही, तो हाशिमोटो, जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली ज्याचं वर्णन केलं तो, आणि मिठाने तो बराही होणार नाही. पण बाळाची ग्रंथी सुरू होईल तेव्हा तिला कच्चा माल लागेलच ना. आमच्या घरातला सैंधवाचा डबा वरच्या फळीवर गेलाय, चतुर्थीला खाली येतो.

लक्षणांवर विश्वास ठेवायचा नाही हेही या दिवसांत शिकले. दमायला होतं, झोप येते, पोट साफ होत नाही, काही आठवत नाही, उगाच रडू येतं. हे थायरॉईड कमी पडल्याचं आहे का गर्भारपणाचं? दोन्हीकडे यादी तीच. एक दिवस मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये चक्क डुलकी काढली आणि नंतर घाबरून मॅडमना मेसेज केला की डोस कमी पडतोय बहुतेक. त्या म्हणाल्या आठवा आठवडा आहे, झोप येणारच, आकडा आल्याशिवाय काही बोलू नका. अजून एक, केसांसाठीच्या गोळ्या घेत असाल तर त्यात बायोटिन असतं आणि ते काही मशीनवर टीएसएचचा आकडा खोटाच कमी दाखवतं, म्हणजे असतो वाईट आणि दिसतो छान. रक्त देण्याआधी दोन दिवस तरी त्या बंद ठेवायच्या. माझ्या त्या गोळ्या चालूच होत्या, पण लॅबमधल्या मुलाने सुई लावायच्या आधी आपणहून विचारलं आणि परत पाठवलं. एवढं विचारणारा माणूस मला आधी कधी भेटला नव्हता.

आणि मग रात्रीचं गूगल. आई-थायरॉईड-बाळ असे तीन शब्द टाकले की चौथा शब्द मशीनच पुरवतं, बुद्ध्यांक. जो आकडा सगळीकडे फिरतो तो अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या १९९९ च्या अभ्यासातला आहे. गर्भारपणात टीएसएच वाढलेली होती आणि उपचार मिळाले नव्हते अशा ४८ बायकांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली, तर ती इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी मागे होती. रात्री दीड वाजता हे वाचलं की पोटात खड्डा पडतो. सकाळी परत वाचलं तेव्हा "उपचार मिळाले नव्हते" हे शब्द दिसले, ते रात्रीही तिथेच असणार. त्यांना मुळात माहीतच नव्हतं, रक्ताचे जुने नमुने नंतर तपासून ते शोधून काढलं होतं. मला माहीत होतं, माझी गोळी चालू होती, दोन रेषा आल्या त्याच दिवशी वाढली होती. माझी आणि त्यांची तुलनाच होत नाही.

उलट दुसऱ्या टोकालाही गोंधळ आहेच. माझी एक मैत्रीण माझ्या मागोमाग गरोदर राहिली, आधी कधी थायरॉईड नाही, अँटी-टीपीओ निगेटिव्ह, टीएसएच ३.१, आणि तिला २५ ची गोळी सुरू केली. ती रडकुंडीला आलेली, मला जन्माचा रोग लागला म्हणून. २०११ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये अडीचची रेघ होती, २०१७ मध्ये तीच मंडळी म्हणाली की आपल्या भागातली स्वतंत्र रेंज उपलब्ध नसेल तर सर्वसाधारण बायकांसाठी पहिल्या तीन महिन्यांत चारपर्यंत चालेल. आपल्याकडे बरेच डॉक्टर अजून जुनी रेघ धरून चालतात. आणि अशा किंचित वाढलेल्या आकड्यांवर गोळी देऊन मुलांच्या बुद्धीत फरक पडतो का हे दोन मोठ्या प्रयोगांत तपासलंय, २०१२ मध्ये ब्रिटन आणि इटलीतला, २०१७ मध्ये अमेरिकेतला, आणि दोन्हींत फरक दिसला नाही. त्यावरही वाद आहेच, कारण गोळी सुरूच झाली सरासरी तेराव्या आठवड्याच्या पुढे, अमेरिकेत तर त्याहूनही उशिरा, म्हणजे बाळ आईवर पूर्ण अवलंबून असतं तो काळ बहुतेक सरल्यावर. मला डॉक्टरकी करायची नाही, पण माझं मत विचाराल तर ३.१ वाल्या बाईने रडू नये आणि आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने निवांत राहू नये. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं की डॉक्टरना विचार, बाळंतपणानंतर बंद करून बघता येईल का. त्या हो म्हणाल्यात.

मधूनमधून मला त्या पहिल्या बाईची आठवण येते. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. सुजलेला चेहरा, जड जीभ, हालचाल मंद, अशी तिची अवस्था होती. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली, त्यासाठी एकूण ८७० हून जास्त मेंढ्या लागल्या असा हिशोब नोंदलेला आहे. मग १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. आणि आज डोंबिवलीत कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे दिवसाला दोन-एक रुपयांत तेच मिळतं आणि आपण त्याला वैतागतो. मीही वैतागते. मेंढ्यांचा विचार केला की जरा कमी.

बारा आठवड्यांची एनटी स्कॅन, म्हणजे बाळाची त्या वेळची ठरलेली सोनोग्राफी, नीट झाली, त्याच आठवड्यात टीएसएच १.९ आली. आता पेढ्यांची परवानगी मिळाली आणि नाशिकला आईने तर फोनवरून आळीभर सांगून टाकलं. लोक म्हणतात तीन महिने झाले ना, आता काळजी नाही. एका अर्थाने खरंय, बाळाची ग्रंथी आता हळूहळू कामाला लागतेय. पण माझं तर टाईमटेबलच कोसळलं, कारण चौदाव्या आठवड्यापासून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन्ही थायरॉक्सिनपासून चार तास लांब पाहिजेत. शिवाय लोह आणि कॅल्शियम एकमेकांबरोबरही घ्यायचे नाहीत, आणि लोहावर चहा नको. पाचच्या दुधाचा तह परत चर्चेला आला. नवऱ्याने एक्सेल शीट बनवली, सासूबाईंनी ती बघितली, म्हणाल्या हे मला कळत नाही, आणि पंचांगाच्या कॅलेंडरच्या मागे पेनाने स्वतःचं लिहिलं: सकाळी न्याहारीनंतर कॅल्शियम, दुपारी जेवून दोन तासांनी लोह लिंबाच्या सरबताबरोबर, पाचला दूध, साडेसातला जेवण, साडेदहाला थायरॉईड. घरात आता सगळेच साडेसातला जेवतात, सासरे बातम्या बघत बघत, नवरा आला की उरलेलं गरम करून घेतो. मळमळ कमी झालीये तर गोळी परत सकाळी घेऊ का असं मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या जमलंय ना, मग हात लावू नका.

पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात, विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, मग तिसाव्याच्या आसपास एक. बाळंत झाल्या दिवसापासून डोस परत पूर्वीच्या ५० वर आणायचा, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. बाळाचंही टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईड तपासायचं, जन्मानंतर दोन-तीन दिवसांत. हॉस्पिटलमध्ये विचारलं तर म्हणाले करतो, पण ते पॅकेजमध्ये नाही, वेगळं सांगावं लागतं. डोसचं आणि टाचेचं, दोन्ही मी फाईलच्या कव्हरवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण तेव्हा माझ्या लक्षात राहणार नाही आणि नवऱ्याच्या तर नाहीच नाही. सासूबाईंनी ते वाचून विचारलं, टाचेतून का, बोटातून का नाही? मला माहीत नव्हतं. पुढच्या व्हिजिटला विचारायचंय.